उपसा पंपाचं पेट्रोल इंजिन: रनिंग-इन आणि देखभालीच्या नोंदी, सानपाडा २०२५

ठिकाण: सानपाडा, नवी मुंबई. गृहनिर्माण सोसायटी, एक मजली बेसमेंट पार्किंग.
यंत्र: १९६ सीसी, फोर-स्ट्रोक, हवेवर थंड होणारं, रस्सीचं पेट्रोल इंजिन, त्यावर थेट बसवलेला ३ इंची सेल्फ-प्राइमिंग पंप.
काम: बेसमेंटमध्ये पाणी शिरलं आणि वीज गेली की उपसा करणं. विजेचा सबमर्सिबल पंप आहेच, पण पाणी चढतं त्याच वेळी मेन स्विच पाडावा लागतो, म्हणून हा दुसरा.

३ मे २०२५. मीटर ०.० (तारखेपुढचा आकडा इंजिन चाललेल्या तासांचा)

पेटीतून काढल्यावर पहिलं काम ऑइलचं. ही इंजिनं कारखान्यातून कोरडी येतात. टाकीवर तशी सूचना चिकटवलेली असते, ती फाडून लोक थेट रस्सी ओढतात. या बांधणीत ऑइल पंप नाही आणि ऑइल फिल्टरही नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटी पळी असते. ती क्रँककेसमधलं ऑइल उडवते आणि त्या शिंतोड्यांवर बेअरिंग, कॅम, सिलिंडरची भिंत असं सगळं चालतं. पातळी खाली गेली किंवा इंजिन कललं, की पळीला ऑइल लागत नाही.

भरलं ते साधं मिनरल एसएई ३०, सुमारे ६०० मिली. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० सुद्धा चालतं असं आहे, पण आपल्याकडच्या उन्हात एवढंसं हवेवर थंड होणारं इंजिन ते जास्त पितं. एसएई ३० नाहीच मिळालं तर दुचाकीच्या दुकानातलं मिनरल २०डब्ल्यू-४० चालेल. थंड देशांत बर्फ फेकायच्या यंत्रांवर याच घराण्यातली इंजिनं असतात, तिथे ५डब्ल्यू-३० घालतात, कारण उणे तापमानात घट्ट ऑइलमुळे रस्सीच हलत नाही. परदेशी व्हिडिओ बघून तेच ऑइल इथे घालायचं कारण नाही. फुल सिंथेटिक पहिले २० तास तरी नको.

पातळी बघताना इंजिन खरोखर सपाटीवर हवं, डोळ्याच्या अंदाजावर नको. फ्रेमवर लेव्हल बॉटल ठेवून बघितलं. डिपस्टिक पुसून नुसती भोकात टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. फिरवून बघितलं तर ती जास्त खोल जाते, ऑइल भरपूर असल्यासारखं दिसतं आणि प्रत्यक्षात कमी पडतं. या इंजिनात भरायच्या तोंडाच्या कडेपर्यंत ऑइल आलं की पुरे.

बाकी तपासणी: पंपाच्या आवरणाचे बोल्ट आणि फ्रेमचे चारही बोल्ट आवळले, एक पाव आटा सैल होता. प्लग काढून फट मोजली, ०.७५ मिमी (हवी ०.७ ते ०.८). एअर क्लीनरचं झाकण उघडलं, आत पॅकिंगच्या थर्माकोलचे कण होते, ते ब्रशने काढले. प्लगच्या वायरीभोवती टॅकोमीटर-कम-अवरमीटरची तार गुंडाळली. इथे एक सेटिंग महत्त्वाचं आहे. फ्लायव्हील मॅग्नेटोची ठिणगी प्रत्येक फेऱ्याला पडते, फोर-स्ट्रोक असलं तरी. मीटर 'दोन फेऱ्यांना एक ठिणगी' वर असेल तर आकडा दुप्पट दाखवतो.

४ मे. ०.० ते ०.८

रनिंग-इनला, म्हणजे नवे भाग एकमेकांवर घासून बसवण्याच्या पहिल्या तासांना, भार लागतो, आणि पाणी नसताना पंपाला भार कुठून आणायचा हा खरा प्रश्न. २००० लिटरची टाकी पोडियमच्या कडेला ठेवून बोअरवेलच्या पाण्याने भरली. सक्शन त्यातच, डिलिव्हरीही परत त्यातच. डिलिव्हरीचं तोंड पाण्याखाली आणि सक्शनच्या जाळीपासून जमेल तितकं लांब ठेवायचं, नाहीतर वरून पडणाऱ्या पाण्याबरोबर बुडबुडे जातात आणि पंप हवा धरतो. जाळीच्या वर किमान ३० सेमी पाणी हवं. त्याहून कमी असेल तर भोवरा होतो. फिरवून फिरवून पाणी तापेल अशी भीती असते, पण ३ किलोवॅटच्या आसपासच्या कामाने २००० लिटर पाणी तासाला दीड अंशसुद्धा चढत नाही.

आता भाराबद्दल, कारण इथे बहुतेक जण उलटं करतात. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आवळला की इंजिनवर ताण येईल असं वाटतं. सेंट्रिफ्युगल पंपाचं तसं नाही. व्हॉल्व्ह बंद केला की प्रवाह थांबतो, पंखा आतलंच पाणी घुसळत राहतो आणि इंजिनला हलकं जातं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि पाणी फारसं वर चढवायचं नसेल, तेव्हा सगळ्यात जास्त भार. त्यातही व्हॉल्व्ह बंद ठेवून दोन-चार मिनिटं चालवलं तर आवरणातलं तेवढंच पाणी तापतं आणि मेकॅनिकल सील जातं. म्हणून भार कमी-जास्त करायचा तो रेसने, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांनी. फेरे आणि लागणारी शक्ती यांचं नातं घनाचं आहे: मिनिटाला ३६०० फेऱ्यांना पूर्ण भार धरला तर ३००० ला सुमारे ५८ टक्के आणि २४०० ला फक्त ३० टक्के. थ्रॉटलची दांडी थोडी हलवली तरी भारात मोठा फरक पडतो.

सुरू करण्याआधी पंपाच्या वरच्या बुचातून आवरण पाण्याने काठोकाठ भरलं. सील दोन घासणाऱ्या चकत्यांचं असतं आणि त्यांच्यामधल्या पाण्याच्या थरावर टिकतं. कोरडं फिरवलं तर मिनिटभरात तडकू शकतं. सेल्फ-प्राइमिंग म्हणजे नळीतली हवा पंप स्वतः काढतो, एवढंच. आवरणातलं पाणी आपणच भरायचं.

पेट्रोल कॉक उघडा, चोक पूर्ण, थ्रॉटल एक तृतीयांश. रस्सी हळू ओढून दाब लागेपर्यंत आणली, सोडली आणि मग झटका. चोक अर्ध्या मिनिटात मागे.

पहिली ३ मिनिटं २४०० वर, फक्त गळती आणि आवाज बघायला. बंद करून ऑइल पुन्हा बघितलं. नंतर १५ मिनिटं २४०० वर, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. पूर्ण थंड होऊ दिलं, म्हणजे फिनला हात लावून धरता येईपर्यंत. मग ३० मिनिटं, दर ५ मिनिटांनी २४०० आणि ३००० मध्ये अदलाबदल.

नवं इंजिन 'आरामात' नुसतं मंद सोडून ठेवायची जी पद्धत आहे ती इथे घातक. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा असतात आणि रिंगेची कड त्यांवर घासून बसते. रिंग भिंतीवर दाबली जाते ती तिच्या स्वतःच्या स्प्रिंगने थोडी आणि ज्वलनाचा वायू तिच्या मागे शिरतो त्याने जास्त. भार नाही म्हणजे वायूचा दाब नाही. मग रिंग ऑइलवरून नुसती सरकते आणि भिंतीवर ऑइल भाजून काचेसारखा थर बसतो. तो एकदा बसला की सिलिंडर पुन्हा होन केल्याशिवाय इंजिन ऑइल प्यायचं थांबत नाही. उलट टोकही नको. पहिल्याच दिवशी तासभर ३६०० वर सोडलं तर उंचवटे घासताना निघणारी उष्णता जायला वाव मिळत नाही.

१० मे. ०.८ ते २.९

एक तास ३००० वर, मध्ये मध्ये अर्धा मिनिट ३३०० आणि परत खाली. खाली आणताना सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, ती भिंतीवरची धूळ-ऑइल वर खेचून बाहेर टाकते. दर वेळी बारीकसा निळा धूर येतो, तो अपेक्षित. दुपारनंतर दुसरा तास. सायलेन्सरकडून भिंतीपर्यंत १ मीटर मोकळं ठेवलं. मेच्या हवेत पंख्याला पुन्हा तीच गरम हवा मिळाली तर थंड करायचं कामच होत नाही.

भार नसताना रेस वर-खाली होते (हंटिंग), भारावर स्थिर. चोक किंचित ओढला की थांबते, म्हणजे मिश्रण पातळ. कारण पेट्रोलमध्येच आहे. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा. कार्ब्युरेटरच्या जुन्या मापाच्या जेटमधून (इंधनाच्या बारीक भोकातून) तेवढंच इंधन आलं तर ते कमी पडतं. प्लग बघितला, फिकट तपकिरी आहे, पांढरा नाही. भारावर अडचण नसल्याने जेटला हात लावला नाही. गव्हर्नरच्या (फेरे स्थिर राखणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगला तर कोणीच लावू नये. हंटिंग दिसलं की सगळ्यांचे हात आधी तिकडेच जातात.

एका मेजरिंग सिलिंडरमध्ये २० मिली पाणी आणि ८० मिली पेट्रोल घालून हलवलं आणि दहा मिनिटं ठेवलं. खालचा थर ३६ मिलीच्या जवळ आला. वाढलेले १६ मिली म्हणजे इथेनॉल, ८० चे २० टक्के. हे मिश्रण परत टाकीत घालायचं नाही, हे सांगायला नको.

१८ मे. ५.१

पहिला ऑइल बदल. पुस्तिका २० तास किंवा पहिला महिना सांगते. ५ तासांना बदललेलं जास्तीचं आहे, पण फिल्टर नसलेल्या इंजिनात पहिल्या तासांचा सगळा कीस पुढेही तसाच फिरत राहतो, आणि प्रश्न अर्ध्या लिटरहून थोड्या जास्त ऑइलचा आहे.

इंजिन दहा मिनिटं चालवून गरम असतानाच काढलं. गार ऑइलबरोबर कीस तळाशीच राहतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात घेतलं आणि उन्हात धरलं: राखाडी, चंदेरी चमक. डब्याच्या बाहेरून चुंबक फिरवला, बारीक काळसर भुकटी त्याच्यामागे ओढली गेली. ते लोखंड, म्हणजे रिंगा आणि गिअर. चुंबकाला न लागणारे चमकदार पापुद्रे दिसले असते तर काळजी होती. या इंजिनांत कनेक्टिंग रॉड अॅल्युमिनियमचा असतो आणि मोठ्या टोकाला वेगळं शेल बेअरिंग नसतं, रॉडच क्रँकवर फिरतो. तो खरवडायला लागला की पापुद्रे येतात आणि पुढे रॉड तुटून क्रँककेसला भोक पडतं. तसे नव्हते.

निघालं ५५० मिली, भरलं ६००. थोडं डब्याला आणि आतल्या भिंतींना राहिलं असं धरलं तरी ३० ते ४० मिली प्यायलं. पुढे हाच आकडा बघायचा. रिंगा बसल्या की तो शून्याकडे जायला हवा.

सायलेन्सरचे दोन्ही नट अर्धा आटा सैल झाले होते. नव्या गॅस्केटवर पहिल्या काही तापण्यांत हे होतंच. गार असताना आवळले.

उपशाची मोजणी: डिलिव्हरी बागेत सोडून टाकीतलं १००० लिटर पाणी ३३०० वर ८५ सेकंदांत निघालं, म्हणजे मिनिटाला ७०० लिटर. पंपाच्या पाटीवरचा आकडा याहून बराच मोठा आहे, तो चढ नसताना आणि नळी आखूड असतानाचा. आपल्या हिशेबाला ७०० धरायचं. बेसमेंट १४०० चौरस मीटर, त्यात १५ सेमी पाणी म्हणजे २१० घनमीटर. उपसायला ५ तास. पेट्रोल तासाला सव्वा ते दीड लिटर, म्हणजे एका वेळेला ८ लिटर तयार हवं. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पंपवाले देत नाहीत आणि देऊही नये. धातूचा, घट्ट झाकणाचा कॅन घेतला. कायद्याने विनापरवाना ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, पण सोसायटीत १० च्या वर ठेवायचं नाही असं ठरलं, आणि तेही मीटररूममध्ये नाही.

२६ मे. ५.१ ते ८.६

मान्सून आजच मुंबईत. नेहमीची तारीख ११ जून, त्यामुळे रनिंग-इनचं उरलेलं वेळापत्रक गेलं. पण ५ तास आणि ऑइल बदल झालेला असल्याने हरकत नाही. ३००० ते ३३०० मध्ये ठेवलं, ३६०० ला नेलं नाही.

मांडणी: इंजिन पोडियमवर, बेसमेंटच्या वायुविजनाच्या मोकळ्या चौकातून सक्शन नळी खाली. पाण्यापासून पंपापर्यंत उभी उंची ३.४ मीटर. कितीही घाई असली तरी इंजिन बेसमेंटमध्ये किंवा रॅम्पवर न्यायचं नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि बंद जागेत माणूस खाली बसतो तो उठत नाही. सायलेन्सरचं तोंड चौकापासून उलट्या दिशेला, आणि चौकापासून अंतर ५ मीटर.

उद्या अमावास्या. उधाणाच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर भरतीचा माथा साधारण दुपारी आणि मध्यरात्री १२ ते १ च्या सुमारास येतो, भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत सकाळ-संध्याकाळ. नवी मुंबईचा खाडीलगतचा भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली भराव टाकून उभा आहे. सिडकोने त्यासाठी धारण तलाव ठेवले, भरतीला त्यांची झाकणं मिटतात आणि ओहोटीला उघडतात. झाकणं मिटलेली असताना नाल्याला जागा नसते. त्या दोन-तीन तासांत गेटसमोरच्या गटारात सोडलेलं पाणी रॅम्पवरून परत खाली येतं. म्हणून डिलिव्हरीची लांब चपटी नळी मागच्या बाजूच्या उंच रस्त्याकडे नेली. भरतीचं वेळापत्रक छापून पंपाच्या खोलीत लावलंय.

२८ मे. ८.७

परवाचं पाणी नाल्यातून उलटं आलेलं, चवीला खारट नाही पण वाळल्यावर पंपाच्या आवरणावर पांढरी कड दिसली. मचूळ पाणी अॅल्युमिनियम खातं. गोड्या पाण्याची टाकी लावून ५ मिनिटं धुवून घेतलं, मग खालचं बूच काढून पंप रिकामा. आवरणावर बाहेरून पाण्याचा फवारा चालेल. इंजिनवर, विशेषतः फिनच्या जाळीवर आणि एअर क्लीनरवर, नको. उपसा झाला की हे धुणं त्याच दिवशी व्हायला हवं.

१४ जून. ११.९

तक्रार: इंजिन व्यवस्थित, पाणी येत नाही. आवरणात पाणी भरलेलं, जाळी बुडालेली. अशा वेळी पंप उघडू नये, आधी सक्शनची बाजू बघावी. सक्शनमध्ये दाब वातावरणापेक्षा कमी असतो, त्यामुळे गळती असली तरी पाणी बाहेर ठिबकत नाही. हवा आत ओढली जाते आणि बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. जोडावर साबणाचा फेस लावून चालवलं. पंपाकडच्या क्लॅम्पवर फेस आत शोषला गेला. एकच साधी वर्म-ड्राइव्ह क्लिप होती. जाड रिबवाल्या नळीवर तिचा दाब सगळीकडे सारखा येत नाही. बोल्टच्या दोन क्लॅम्प, एकमेकांसमोर तोंडं करून. कपलिंगमधला रबर वॉशरही बदलला. पाणी ४० सेकंदांत आलं.

ऑइल १० मिली कमी, म्हणजे नगण्य. स्टार्टला निळा धूर नाही, एअर क्लीनरच्या डब्यात ब्रीदरकडून ऑइल आलेलं नाही. रिंगा बसल्या.

६ जुलै. २०.२

दुसरा ऑइल बदल. ऑइल काळं, चुंबकाला नावापुरतं. यापुढे १०० तास किंवा ६ महिने, जे आधी येईल ते. आपल्याला तास कधीच आधी येणार नाहीत.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट. इंजिन रात्रभर गार. व्हॉल्व्ह कव्हरचे चार बोल्ट काढले, प्लग काढला. रस्सी हळू ओढत पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आणला. प्लगच्या भोकात प्लास्टिकची सरबताची नळी धरली की पिस्टन कळतो, आणि दोन्ही रॉकर हाताने हलले की तो स्ट्रोक योग्य. या इंजिनांत कॅमवर डीकॉम्प्रेसर असतो, तो रस्सी हलकी जावी म्हणून कॉम्प्रेशनच्या वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उचलून धरतो. त्याच्या नेमक्या जागी माप घेतलं तर एक्झॉस्टची फट खोटी कमी दिसते. म्हणून पिस्टन माथ्यावरून सुमारे ६ मिमी खाली उतरवून मग फिलर गेज घातला.

इनटेक ०.१५, हवी तितकी. एक्झॉस्ट ०.१४, हवी ०.२०. नव्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये थोडा रुतून बसतो आणि दांडा वर येतो, म्हणून फट कमी होते, वाढत नाही. ती शून्यावर गेली तर गरम असताना व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. त्याची उष्णता सीटवाटेच जायची असते. ती वाट बंद झाली की कड जळते. लॉकनट सैल करून ०.२० ला आणली, लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजली, कारण आवळताना माप हमखास सरकतं. उलट बाजूही लक्षात ठेवावी: फट खूप वाढली तर डीकॉम्प्रेसर व्हॉल्व्ह उचलू शकत नाही आणि रस्सी हातातून हिसकते. रस्सी अचानक जड झाली तर स्टार्टरचा डबा उघडण्याआधी टॅपेट बघा.

गॅस्केट चांगलं होतं, तेच लावलं. सुटे भाग: प्लग (बीपीआर६ईएस), मेकॅनिकल सील, रिकॉइलची रस्सी, कार्ब्युरेटर बोलच्या (खालच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या) ओ-रिंगा. नागदेवी स्ट्रीटवर एका फेरीत सगळं मिळतं. या मापाच्या इंजिनांचे भाग एकमेकांना बहुतेक चालतात, पण सील नेताना जुनं नमुन्याला न्यावं.

१९ ऑगस्ट. ३१.४ ते ४०.०

काल-आजच्या पावसात सगळ्यात लांब उपसा. ३४०० वर ठेवलं. आता ३६०० सुद्धा चालेल, पण शेवटच्या दोनशे फेऱ्यांनी पाणी थोडंच वाढतं आणि पेट्रोल बरंच.

रात्री दोनच्या सुमारास इंजिन आपोआप बंद, रस्सीने उठेना. पेट्रोल आहे, ठिणगी नाही. प्लग बदलला गेला, कार्ब्युरेटर उघडायची तयारी झाली. कारण होतं ऑइल सेन्सर. पाणी वाढलं म्हणून इंजिन मूळ जागेवरून हलवून उतारावर ठेवलेलं, थरथरून आणखी कललं. क्रँककेसमधला फ्लोट खाली बसला की तो ठिणगीच तोडतो. सपाटीवर आणून १०० मिलीपेक्षा कमी ऑइल घातलं आणि पहिल्या झटक्यात सुरू. नव्या जागेसाठी लोखंडी कोनाची चौकट करून घेतली, चारही पायांना स्क्रू, खाली रबर. ठिणगी नसेल तर क्रम असा: स्विच, ऑइल, सपाटी, आणि मगच प्लग.

रात्रपाळीच्या वॉचमनसाठी भिंतीवर लावलेलं:
– टाकी अर्धी झाली की बंद. दहा मिनिटं थांबून मगच पेट्रोल. चालू किंवा तापलेल्या इंजिनवर ओतायचं नाही.
– प्रत्येक भरण्याला डिपस्टिक.
– वर पत्र्याचं छप्पर, बाजू मोकळ्या. ताडपत्री इंजिनवर टाकायची नाही.
– बेसमेंटचा मेन बंद असल्याची खात्री केल्याशिवाय कोणी पाण्यात उतरायचं नाही. उतरताना गमबूट; पायाला जखम असेल तर उतरूच नये, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) धोका आहे.

जाळीत प्लास्टिकच्या पिशव्या वारंवार अडकत होत्या. जाळी एका भोकं पाडलेल्या बादलीत ठेवली, पिशव्या बादलीला चिकटतात आणि पाणी चालू राहतं.

१४ सप्टेंबर. ४२.३

फोमचा एअर फिल्टर हातात चुरायला लागला. वर्ष झालेलं नाही, पण आपली दमट हवा आणि ऑइलची वाफ फोमला सोडत नाही. नवा लावला. फोम असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पिळून नाही तर दाबून, पूर्ण वाळवून, इंजिन ऑइलमध्ये बुडवून पुन्हा दाबायचा. पेट्रोलने धुवायचा नाही. कागदी घडी असेल तर ती धुवायचीच नाही, आपटून झटकायची आणि काळी पडली की बदलायची.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी २० मिनिटं भारावर चालवणं चालू आहे. दोन मिनिटं सुरू करून 'ठीक आहे' म्हणत बंद करणं नुकसानीचं. तेवढ्यात ऑइल तापत नाही, ज्वलनातलं पाणी क्रँककेसमध्येच साचतं. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर साय दिसली तर समजावं.

१ ऑक्टोबर. ४३.१

खंडेनवमी. हळद-कुंकू टाकीवर, झेंडूची माळ हँडलला. रिकॉइलच्या जाळीवर काही घालू नये: थंड हवा तिथूनच आत जाते, आणि झेंडूच्या पाकळ्या आत ओढल्या की फिनमध्ये बसून सुकतात. पूजेनंतर माळ काढली.

९ नोव्हेंबर. ४३.९. साठवण

यंत्र वापरून जितकं बिघडत नाही तितकं पेट्रोलसकट उभं राहून बिघडतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पुरेसं ओढलं की पाणी-इथेनॉलचा थर पेट्रोलपासून सुटून तळाला बसतो, आणि कार्ब्युरेटरचा बोल हा तळच. पितळी जेटभोवती हिरवट आणि अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसते ती त्याची. मुख्य जेटचं भोक मिलिमीटरपेक्षा लहान. एक कण पुरतो.

आधी इंजिन गरम केलं. पेट्रोल कॉक बंद करून चालू ठेवलं, दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबलं. तरी बोलच्या तळाशी थोडं उरतंच. खालचा ड्रेन बोल्ट सोडून चमचाभर काढलं. टाकी रिकामी केली, ते पेट्रोल त्याच आठवड्यात एका स्कूटरमध्ये गेलं. टाकीच्या तोंडातली जाळी आणि कॉकखालची वाटी धुतली, वाटीत गंजाचे चार कण.

ऑइल बदललं. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल असतं, ते बेअरिंगवर सहा महिने बसू द्यायचं नाही. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजच्या ड्रमला दिलं. गटारात गेलं तर थेट खाडीत जातं.

प्लग काढून सिलिंडरमध्ये ५ मिली स्वच्छ ऑइल, रस्सी दोन-तीनदा हळू ओढली, प्लग परत. जुना प्लग हाताने टेकेपर्यंत आणि मग पानाने पाव आटा. नवा असेल तर अर्धा. शेवटी रस्सी दाब लागेपर्यंत ओढून तिथेच सोडली. त्या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, खाडीची दमट हवा सिलिंडरमध्ये जात नाही.

पंप: गोड्या पाण्याने धुऊन खालचं बूच काढून ठेवलंय, बूच तारेने हँडलला बांधलंय. तोंडाचा रबरी फ्लॅप चिकटला नाही ना ते बघितलं. सक्शन नळी गुंडाळून सपाट ठेवली. खिळ्याला टांगली तर वळणावर चपटी होते आणि पुढच्या वर्षी तिथून हवा घेते. फिनमधला चिखल सुकल्यावर ब्रशने काढला. इंजिनवर सुती चादर टाकली, प्लास्टिक नाही.

पुढचं काम मेच्या पहिल्या आठवड्यात: ताजं पेट्रोल, टॅपेट पुन्हा, कार्ब्युरेटर बोलची ओ-रिंग, पाण्याच्या टाकीवर २० मिनिटं ३००० ला. सक्शनच्या क्लॅम्पचे बोल्ट स्टेनलेसचे करायचे आहेत, आताचे गंजलेत.